दोन प्यादी देऊन

सिल्केबोर्ग, १२ ऑक्टोबर १९७१

ती. एयनरदादास,
सा. न. वि. वि.

घरात सगळं जागच्या जागी आहे, फक्त ओगे नाही. बाकीचे दिवस कसेबसे जातात, बुधवारची संध्याकाळ मात्र जाता जात नाही. तो त्याच्या बुद्धिबळ क्लबाचा वार. तो खेळायचा आणि मी मागच्या खोलीत कॉफी करायचे. नवरा गेल्यावरही मी कॉफी करत राहावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. गेल्या बुधवारी मी सरळ त्याच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. अध्यक्ष क्रेस्टेन्सन यांनी काळजीनं विचारलं की गुडरुनबाई, चक्कर येतेय का. खेळायला बसलेय म्हटल्यावर सगळे इतके गोड हसले, की मला रडूच आलं.

ओगे पांढऱ्यांकडून एकच डाव मांडायचा, तो आडदांड नॉर्डिक गॅम्बिट. मला तोच शिकव. तू एवढी वर्षं टपालानं डाव खेळतोस, माझ्याशीही खेळ. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुझ्याशिवाय माझं आता कुणी नाही.

माझी पहिली खेळी: राजासमोरचं प्यादं दोन घरं.

तुझी,
गुडरुन

*

आनहोल्ट, २१ ऑक्टोबर

चि. गुडरुन हिस,
अ. उ. आशीर्वाद.

खुर्चीत बसलीस ते झकास केलंस. मीही माझं प्यादं दोन घरं टाकलं आहे.

आता ऐक. या डावात दोन प्यादी फुकट द्यायची असतात. समोरचा ती खात बसतो, तेवढ्यात आपले दोन्ही उंट त्याच्या राजावर डोळा ठेवून उभे राहतात. पण दिलेलं प्यादं परत मिळवायला धावायचं नाही. तुझं कठीण आहे. तू लहानपणी मला अर्धं सफरचंद द्यायचीस आणि संध्याकाळपर्यंत त्याची आठवण करून द्यायचीस.

इथे बेटावर धुकं आहे. जहाजांना इशारा देणारा धुक्याचा भोंगा आता आपोआप वाजतो, माझी गरज उरलेली नाही. तीस वर्षं त्या भोंग्याखाली काढली, त्यानं कान नेले आणि आता नोकरीही. टपालाच्या बोटीची वाट बघणं हेच सध्या काम.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

एयनर

*

सिल्केबोर्ग, २८ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

या चार-पाच पत्रांत दोन्ही प्यादी गेली. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. क्लबात हाच डाव मांडला आणि तिसरं प्यादं वाचवत बसले, म्हणून हरले. तुझ्याशी खेळताना मात्र मी मागे वळून बघणार नाही. दोन्ही उंट तुझ्या राजाकडे बघताहेत, आणि आज त्यातल्या एकानं शह दिलाय, जपून राहा.

नाताळला इकडे ये ना. बदक भाजते. एकटीसाठी बदक भाजायचं म्हणजे वेडेपणाच, आणि न भाजता त्या रात्री करायचं तरी काय?

वाट बघणारी,
गुडरुन

*

आनहोल्ट, ९ डिसेंबर

चि. गुडरुन हिस,
अ. उ. आशीर्वाद.

येणार नाही, रागावू नकोस. ओगेच्या अंत्यविधीला आलो होतो, तेव्हा पाद्रीबुवा माझा हात धरून काहीतरी म्हणाले. मला वाटलं, फुलांबद्दल विचारताहेत. मी म्हणालो, हो, फारच छान झालं. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. चार माणसांच्या टेबलावर नुसते ओठ हलताना बघत, चुकीच्या जागी हसत बसायचं, त्यापेक्षा माझी हेरिंग मासळी आणि काळा पाव बरा.

तुझा शह पाहिला. विचार करतो आहे.

एयनर

*

सिल्केबोर्ग, २० फेब्रुवारी १९७२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बर्फामुळे बोट बंद होती म्हणे, म्हणून तुझं पत्र उशिरा आलं. आलं तर आत एकच ओळ, राजा बाजूच्या घरात. अरे, त्याला दुसरं घर होतंच कुठे?

मी आपला डाव क्लबात मांडून दाखवला. क्रेस्टेन्सन यांनी तो पाहिला आणि मला टपालातली रीत सांगितली. जिथे उत्तर एकच असतं, तिथे माणूस पुढचं जर-तर लिहूनच पाठवतो. तू असं केलंस तर मी तसं, मग तू असं, तर मी तसं. चार पत्रांचं काम एकात होतं. त्यांच्या मते हा डाव तू नाताळाआधीच हरला आहेस, आणि टपालानं खेळणारा कुणीही सभ्य माणूस तेव्हाच हार कळवून मोकळा झाला असता.

मला त्यांचा राग आला. हरलेला डाव लांबवणाऱ्यांना तूच चिकट म्हणायचास ना? मग हे काय चाललंय, दादा? माझी खेळी: पुन्हा शह.

गुडरुन

*

आनहोल्ट, २ मार्च

चि. गुडरुन हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तुमचे अध्यक्ष खेळ जाणतात. त्यांना माझा नमस्कार सांग.

डाव हरलो हे मला तुझ्या त्या उंटाच्या शहापासून माहीत आहे. पण हार कळवली की डाव संपला, आणि डाव संपला की तू काय लिहिणार? हवापाण्याचं एखादं पत्र ईस्टरला, एखादं नाताळला. जर-तर लिहिलं असतं तर चार बोटी रिकाम्या आल्या असत्या. या हिवाळ्यात मी तुझ्याखेरीज कुणाशी बोललेलो नाही. बोटीवरचा माणूस पिशवी देतो, मी मान हलवतो, संपलं. फार एकटं वाटतं, गुडरुन. लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

तू फार सुंदर खेळलीस. ओगेला बघायला हवं होतं. माझा राजा कोपऱ्यात. तुझी खेळी.

एयनर

*

सिल्केबोर्ग, ११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. मला वाटायचं, वाट बघणारी मी एकटीच.

आता माझं ऐक. पुढच्या खेळीत मात आहे. ती खेळी मी कागदावर लिहिणार नाही. तुला ती बघायची असेल तर इथे यावं लागेल, ओगेच्या खुर्चीसमोर बसावं लागेल, आणि मी माझ्या हातानं घोडा उचलून ठेवेन.

माणसांची भीती वाटते ना? मग बुधवारी क्लबात चल. तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, खेळताना बोलण्यास मनाई आहे. तीन तास कुणी चकार शब्द काढत नाही. कोणी काही म्हणालंच तर तो शह असतो, आणि तो तुला दिसतो. तिथे सगळेच तुझ्यासारखे बहिरे आहेत, दादा, फक्त त्यांना परत ऐकू येतं.

कॉफी आता क्रेस्टेन्सन स्वतः करतात. ती भयंकर असते.

ये.
गुडरुन

*

आनहोल्ट, १९ मार्च

चि. गुडरुन हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घेऊन पुढच्या दोन्ही बोटींच्या वेळी धक्क्यावर नुसता जात राहिलो. पिशवीत माझ्यासाठी काही नव्हतं, तरी जात राहिलो. तू खेळी लिहिणार नाहीस म्हणालीस आणि खरंच लिहिली नाहीस. हट्टी आहेस.

कोट झटकून ठेवला आहे. इतकी वर्षं टपालानं खेळलो, पण तुला जर-तर आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

जर वारा पडला, तर पुढच्या आठवड्यात, २८ तारखेला, मंगळवारची बोट सुटेल. जर ती सुटली, तर मी तिच्यावर असेन. आणि उतरल्यावर जर तू तुमच्याकडच्या ग्रेनो बंदराच्या धक्क्यावर उभी दिसलीस, तर मी हरलो.

तुझा,
एयनर