उताऱ्यात जेवढं आहे तेवढंच

प्रिय शिवकन्या,

सगळ्यात आधी आली ती कडूबाई. ती कशाला येते ते तुला माहीतच आहे. हातात वाटी, तोंडी विरजण, आणि नजर आपल्या चुलीवर काय शिजायलंय त्याच्यावर. तीस वर्षं शेजारी राहून तिचं विरजण एकदाही तिच्या घरी टिकलं नाही, याला काय म्हणावं. ती टेकती न टेकती तोच मागून सुकेशनी आणि पिंकी दारात. सुकेशनी म्हणजे नागनाथची थोरली, कॉलेजात तुझ्यामागं दोन वर्षं होती ती. पिंकी बन्सीधर टेलरची. दोघी तुझ्याच त्या साहेब व्हायच्या परीक्षेचा अभ्यास करायल्यात. विहारातल्या अभ्यासिकेला रंग चालू आहे, वासानं डोकं उठतंय, म्हणून म्हणल्या, आजी, आठ-पंधरा दिवस तुमच्या ओसरीवर बसू का, आणि शिवकन्याताईचे जुने प्रश्नसंच घरात असतील तर द्याल का? मी म्हणले, बसा की, ओसरी काय झिजती का. प्रश्नसंच देताना मात्र हात जरा अडला. तुझ्या त्या दुसऱ्या पेपरचीच ती पुस्तकं ना. पहिला पेपर तुझा दोन्ही वर्षी छान गेला, आणि हा दुसरा, ज्यात शंभरात तेहतीस मिळवून नुसतं पास व्हायचं, त्यानं दोनदा तुला दारातून परत पाठवलं. आता यंदा तू फॉर्मच भरायचा नाही म्हणतेस, तेही मला ठाऊक आहे. कसं कळलं ते पुढं लिहिते. आधी गंमत ऐक.

पोरींना घड्याळ धरून बसणारं माणूस पाहिजे होतं. वीस मिनिटांत चार उतारे वाचायचे, त्याखालचे वीस प्रश्न सोडवायचे, आणि वेळ संपला की हातातलं पेन काढून घ्यायचं, असं ते काम. तुझे आजोबा लगेच पुढं सरकले. पण त्यांना गजर ऐकू येत नाही आणि बसल्या जागी डोळा लागतो, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. तेव्हापासून ते माझ्याशी तुटक बोलायलेत. चहा मागायचा तरी म्हणतात, साहेबांना फुरसत असेल तर घोटभर द्या. मी घड्याळ मांडीवर घेऊन बसले. कडूबाईपण बसली, म्हणली, मी बी बघते काय परीक्षा हाय ती.

पहिलाच उतारा नळाचा निघाला. एका गावात नळ आला, बायांचा पाणी आणायचा वेळ वाचला, त्यातल्या काही बाया त्या वेळात शिवणकाम शिकल्या, असं आठ-दहा ओळींत लिहिलेलं. खाली विचारलेलं, उताऱ्यावरून काय म्हणता येईल? पिंकीनं मोठ्यानं वाचलं आणि कडूबाई अशी उसळली, कोण्या गावचा नळ हाय गं ह्यो? आपल्याकडं आठव्या दिवशी येतंय पाणी, ते बी करंगळीएवढं. त्यात बाई शिवण शिकल का घागर धरून बसल? पिंकी म्हणली, खरंय मावशी, आणि तिनं खूण केली, वरीलपैकी एकही नाही. सुकेशनीनं केली, नळामुळे बायांचे कष्ट कमी होत नाहीत. तिची आई बिचारी नळ आल्यापासूनच जास्त रांगेत उभी असती. मागचं पान काढून बघितलं तर दोघींचं चूक. दोघींची तोंडं उतरली. मी तोवर पिंकीच्या खांद्यावरून बोट ठेवून वाचायलेच होते. मी म्हणले, अगं, इथं तर लिहिलंय, काही बाया शिवण शिकल्या. तेच तर विचारायलेत. तेच उत्तर निघालं!

आता मी चौथी शिकलेली बाई. बोट ठेवल्याशिवाय मला ओळ सापडत नाही, आणि ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत डोक्यात दुसरं काही ठेवायला जागाच उरत नाही. त्यामुळं जे लिहिलंय तेवढंच माझ्याकडं राहतं. सुकेशनीनं माझी परीक्षाच घेतली मग. वीस मिनिटांत माझा एकच उतारा होतो, पण पाच प्रश्नांतले चार बरोबर आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाचच्या पाच. मी तुझ्या आजोबांना दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं नाही आणि दुसऱ्यांदा आलं तेव्हा त्यांनी घड्याळाकडं पाठ केली. तुझी आई भाकरी थापता थापता म्हणली, मामी, आता तुमचाच फॉर्म भरून टाकू का? हसू नकोस. मला दोन दिवस भूक कमी लागली आनंदानं.

एक दिवस गणितं घेतली. तीन बाया एक वावर सहा दिवसांत खुरपतात, तर सहा बाया किती दिवसांत खुरपतील? कडूबाई ताडकन म्हणली, नऊ. सहा जणी एका जागी आल्यावर खुरपी चालतील का तोंडं? सगळ्या पोट धरून हसायल्या. त्यात सुकेशनी आपली विचारायली, वावरात हरळी होती का साधं तण, बाया सारख्या हाताच्या होत्या का? मी म्हणले, तीन दिवस. मला काय सहा बायांचं माहीत नाही का? माझी उमर वावरात गेली. पण पुस्तकवाल्यानं हरळीचं विचारलं नव्हतं आणि तोंडाचंही विचारलं नव्हतं. एवढीच ती गोष्ट आहे बघ.

म्हैस व्याली, ते सांगायचं राहिलं. रेडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. हरभरा घाट्याला आलाय. तुझ्या आईनं तुझ्यासाठी खरवस करायचा धरला होता, पण तो पुण्यापर्यंत टिकत नाही म्हणून आम्हीच खाल्ला, आणि खाताना सगळ्यांनी तुझं नाव काढलं. म्हणजे तुला पोचल्यासारखंच. माझ्या चष्म्याची एक काडी ढिली झाली आहे. बन्सीधरनं दोरा गुंडाळून दिला, आता नाकावर शिस्तीत बसतो. हे पत्र तीन दुपारी बसून लिहायले, म्हणून अक्षर कुठं मोठं कुठं बारीक येईल.

तर पोरी गेल्यावर मला राहवेना. मी तुझी पत्र्याची पेटी उघडली आणि तू सोडवलेले सगळे संच बाहेर काढले. रागावू नकोस. दुसऱ्या दिवशी सुकेशनीला लवकर बोलावून घेतलं. तिनं उत्तरं वाचायची आणि मी सुपात हरभऱ्याचे दाणे ठेवायचे, बरोबरचे एका कडेला, चुकलेले दुसऱ्या कडेला, आणि प्रत्येक उताऱ्याचा ढीग वेगळा. देवमाशाचा उतारा, पाचातले पाच. ज्वालामुखीचा, पाच. कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातल्या माणसांचा, चार. मी म्हणले, ही पोरगी नापास झाली कशी मग? आणि त्याच्यापुढं कापसाचा उतारा आला. एक. विहिरीचा, काहीच नाही. आठवडी बाजाराचा, एक. एकत्र कुटुंबाचा, परत काहीच नाही. आणि चुकलं की वरून मार्क कापतात म्हणे. कापसाच्या उताऱ्याशेजारी तू पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं, खोटं आहे. विहिरीशेजारी लिहिलंयस, यांनी विहीर बघितली तरी आहे का? सुकेशनी आधी लय हसली. मग तिनं पिशवीतून स्वतःची वही काढली, आणि तिच्याही दाण्यांचे तसेच ढीग पडले.

बघ, ज्या माणसाला डोकं नाही, त्याला देवमासा कळतो आणि विहीर कळत नाही, असं कुठं असतं का? तुला विहीर त्या लिहिणारापेक्षा जास्त कळते. तू उताऱ्याला उत्तर देत नव्हतीस, त्याच्याशी भांडत होतीस. तुझं भांडण खरं होतं, पण तिथं ते कुणी मागितलं नव्हतं.

आता मला कसं कळलं ते. मागच्या मंगळवारी तुझा बाप गोठ्यात होता. हात कडब्यात, म्हणून फोनचा आवाज मोठा करून दावणीवर ठेवलेला, आणि मी पलीकडं शेण गोळा करायले. तू म्हणलीस, पप्पा, मी ढ आहे, माझं डोकं त्या पेपरचं नाही. यंदा फॉर्म नको, महिनाअखेर खोली सोडते. भागवत म्हणला, ये बाळा, घर तुझंच आहे. बापानं असंच म्हणावं, त्याचं काही चुकलं नाही. पण फोन ठेवल्यावर त्यानं एकाच म्हशीला दोनदा कडबा टाकला आणि दुसरी उपाशी हंबरायली. घरात तो अजून कुणाला बोलला नाही. मीही नाही.

एवढा पसारा कशासाठी मांडला ते आता लिहिते. दाण्यांचे ते ढीग बघितल्यापासून एक गोष्ट मला सलायली आहे. ही खोड तुला मी लावली. तू तिसरीत असताना संध्याकाळी मोठ्यानं धडा वाचायचीस, मी शेजारी ज्वारी निवडायची. पुस्तकात एक गाव होतं, तिथं सगळे गुण्यागोविंदानं राहायचे, कुणाचा बांध कुणी कोरायचं नाही. मी म्हणले, खोटं आहे. तू टाळ्या पिटल्यास. मग रोजचाच खेळ झाला, तू वाचायचीस आणि मी खोटं धरायची. एकदा तू वर्गात उभी राहून बाईंना सांगितलंस, आजी म्हणती हे खोटं आहे. बाईंनी तुला तास संपेपर्यंत उभं केलं, आणि मी शाळेत जाऊन त्यांच्याशी भांडून आले. गावभर सांगत हिंडले, माझी नात छापलेल्याला भीत नाही. म्हणजे खोड माझी आणि मार्क तुझे कापले. हे मला फोनवर सांगता आलं नसतं, रडू आलं असतं, आणि तुला वाटलं असतं आजी आजारी आहे. ती खोड टाकून दे असं मी म्हणत नाही. उद्या खुर्चीवर बसलीस आणि नळाला रोज पाणी येतं असा कागद समोर आला, तर त्याच्या कडेला खोटं आहे असं ठसठशीत लिही, मी पेढे वाटीन. फक्त ते दोन तास ती बाहेर काढून ठेव, देवळाबाहेर चपला काढतो तशी. आत उताऱ्यात जेवढं आहे तेवढंच. बाहेर आलीस की परत घाल. यासोबत सुकेशनीनं लिहून दिलेला एक उतारा पाठवायले, हुरड्याचा आहे. त्यात तीन गोष्टी धादांत चुकीच्या आहेत, मी मोजल्यात. बोट ठेवून वाच, पाच प्रश्न सोडव, आणि मग काय ते ठरव. फॉर्मची शेवटची तारीख पुढचा शनिवार आहे म्हणे. भरलास तर आनंद, न भरता घरी आलीस तरी तुझं अंथरूण मी उन्हात घालून ठेवलेलं असेल, त्यात कमी-जास्त होणार नाही. पण ढ आहे म्हणून येऊ नकोस, ते मला कबूल नाही. पाचातले किती आले ते बापाला नको, मला कळव. पोरी आत्ताच गेल्या. सुकेशनीच्या मामाचं लग्न आहे गंगाखेडला, तेवढं उरकून गुरुवारी दुपारी चारला परत येतो म्हणल्यात.

तुझीच, तुझ्याआधी पाचात पाच मिळवून बसलेली
आजी