अर्ध्यावर थांबवलेली फिल्म

डोंबिवली, ८ जानेवारी २०२५

ती. स्व. मधुआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहितेय. मी वर्गात सिनेमे दाखवून शिकवते, हे तू अख्ख्या नौपाड्यात कौतुकानं सांगतेस. आता नको सांगूस.

काल नववीला आपत्ती व्यवस्थापन शिकवताना कारखान्यातल्या आगीवरची छोटी फिल्म लावली. वर्गातल्या दिशाचे वडील, काळुरामभाऊ, दोन वर्षांपूर्वी कंपनीतल्या आगीत भाजले होते. मला माहीत होतं गं, पण त्या क्षणी सुचलंच नाही. पडद्यावर धूर दिसताच दिशा बाहेर पळाली आणि जिन्यात जाऊन बसली. मी फिल्म बंद केली. प्रोजेक्टर ऑफिसात परत दिलाय. यापुढे खडू आणि फळा.

तब्येत सांभाळ.

तुझी,
संचिता

नौपाडा, १३ जानेवारी

चि. संचितास,
अनेक आशीर्वाद.

रडून झालं असेल तर चहा घे आणि मग पुढचं वाच. आमच्या वेळी वर्षातून एकदा मुलांना रांगेनं थिएटरात न्यायचे. दिवे लागले की थेट घरी! काय पाहिलं, काय वाटलं, कुणी विचारायचं नाही. पुढे मीही शाळेत बाई झाले, पण कधी विचारलं नाही. तू मध्येच थांबवतेस, मुलांना बोलतं करतेस, म्हणून तर मी मिरवते. मात्र फिल्म आधी एकटीनं बघत जा, वर्गातली पोरं डोळ्यांसमोर आणून.

आणि त्या पोरीनं फिल्ममधली फक्त आग पाहिली आहे, शेवट नाही. तिच्या डोक्यात ती अजून विझलेली नसेल. तिच्या घरी जा. समजावत बसू नकोस, तिलाच विचार.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

आत्या

डोंबिवली, २२ जानेवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी गेले. दिशाच्या आईची, रुपालीताईंची, माफी मागितली. त्या म्हणाल्या की पोरगी त्या दिवसापासून एकच विचारतेय, फिल्ममधली माणसं बाहेर आली का? सगळी आली, असं मी सांगितलं. तर दिशा म्हणाली, मला बघायचंय. आतल्या खोलीतून काळुरामभाऊ म्हणाले की तेही येतील.

काल प्रोजेक्टर परत आणला, वर्गात दोघं शेजारी बसली. धूर आल्यावर दिशानं त्यांचा हात धरून मला फिल्म थांबवायला सांगितलं. मग तिनंच त्यांना विचारलं, तुम्ही कुठून बाहेर आलात? ते सांगू लागले. जिना दिसत नव्हता, पुढचा सोबती हाका मारत होता, त्या आवाजामागे ते भिंत चाचपत रांगत आले. त्यांचं सांगून झाल्यावर दिशा म्हणाली, बाई, आता चालू करा. शेवटपर्यंत पाहिली तिनं.

निघताना भाऊ म्हणाले, मला त्रास नको म्हणून घरात कुणी विचारत नव्हतं, आणि पोरं घाबरतील म्हणून मी सांगत नव्हतो. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. आत्या, तो खरा तुझा आहे. या पत्रातून पोचवतेय.

माया अशीच ठेव, आणि चुकले तर असंच हक्कानं सांग.

तुझी,
संचिता