उलटी गुंडाळलेली तार

यवत, ९ जाने. ७८
भांडगावच्या गिरणीचा मेन स्विच जळाला. गिरणीवाले काशीनाथमामा बंद करायला गेले, उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दौंडला दवाखान्यात आहेत. वायरिंग माझं. फ्यूजची तारही मीच मोजून घातलेली. मोटर जास्त ओढायला लागली की फ्यूज जायला हवा. गेला का नाही? जेवण गेलं नाही.

१० जाने.
भां.ला जाऊन बोर्ड उघडला. फ्यूजमध्ये माझी बारीक तार नाहीच! तांब्याच्या जाड वायरचे पीळ. असला फ्यूज जन्मात जायचा नाही. वर ती तार स्क्रूभोवती उलटी गुंडाळलेली. सरळ गुंडाळली की स्क्रू आवळताना तार आत ओढली जाते, उलटी बाहेर सरकते. ढिली राहून तापत गेली असणार. या भागात उलटी गुंडाळणारा वायरमन एकच, डावखुरा. दाजी. माझ्या अक्काचा नवरा. माझ्या हातात पहिली पक्कड त्यांनीच दिली. फ्यूज काढून पिशवीत टाकला.

११ जाने.
दवाखान्यात मामांना भेटलो. म्हणाले, "फ्यूज सारखा जायचा म्हून तुमच्या दुकानावर निरोप धाडला. शेतातनं आलो तवा गिरणी चालू. तूच येऊन गेला असशील, आसं वाटलं." हाताकडे बघवेना.
मग दुकानात दाजींना विचारलं. "मी कशाला जातोय भांडगावाला? वायरिंग तुझं, वायरमनचं परमिट तुझं." होल्डर जोडत होते, मान वर केली नाही. सहा वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही.

१३ जाने.
विजेचे इन्स्पेक्टर दुकानात आले. दाजी माझ्यादेखत म्हणाले, "सायेब, भांडगावचं समदं काम ह्योच बघतो. म्या तिकडं फिरकत बी न्हाई." साहेब, साहेब करत त्यांना चहा पाजला. मी शेजारी खांबासारखा उभा. तोंड का उघडलं नाही? खोटं ते बोलले, लाज मला वाटली. म्हाताऱ्या आईला काय सांगू, हेच डोक्यात.
परमिट साहेब घेऊन गेले. सोमवारी दौंडला जबाब. आमच्या बुद्धवाड्यातलं पहिलं परमिट. दोनदा नापास होऊन मिळवलेलं. ते गेलं तर परत वीटभट्टी. दाजींचं त्यांच्याकडे वेगळं आहेच, दुकान चालूच राहील.

१४ जाने.
संक्रांत. अक्काकडे गेलो नाही. तिनं तिळगूळ पाठवला. तसाच ठेवला.

१५ जाने.
अक्का स्वतः आली. दारातच बसली.
"तार त्यांनीच घातली. भांडगावाहून आले तवाच मला बोलले व्हते, जाड घातली, आता जात न्हाई म्हून."
म्हटलं, मग उद्या साहेबांना सांग.
"येडा हाईस का? तीन लेकरं हायती मला. त्यांचं परमिट गेलं तर कुठं जाऊ? तू एकटा जीव. दुसरं काय बी करशील. त्यांचं नाव घिऊ नगं, हात जोडते."
म्हणजे तिला आधीपासून ठाऊक. शुक्रवारी साहेब यायच्या आधी मी तिच्याच चुलीपाशी बसून चहा प्यायलो. म्हणाली, "साखर घालू का अजून?" बस, एवढंच. दाजींचा मला राग आहे. हिचं काय करू ते कळत नाही.
आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

१६ जाने.
स्टँडवर लिहितोय. दौंडची गाडी साडेनऊची. फ्यूज पिशवीत आहे. मामा जबाबात माझंच नाव सांगतील, त्यांना तसंच वाटतंय. उलट्या तारेचं मी सांगितलं तरच साहेबांना कळेल. सांगावं, असं रात्री ठरलं होतं. सकाळी पुन्हा...
अक्का आलीय. रस्त्याच्या पलीकडे उभी, धाकटा कडेवर. इकडे येत नाही. मीही हाक मारली नाही.
गाडी दिसली.