मशीन विकायचं नाही

प्रिय इंद्रजित,

फोनवर तुझ्यापुढे माझं ‘बरं, बघते’ होतं आणि खरं उत्तर मागाहून डायरीत उतरतं. या वेळी ते तुलाच पाठवतेय.

माझ्या एम्ब्रॉयडरी मशीनचं डिझाईनचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालतं. ती जुनी विंडोज नव्या कॉम्प्युटरच्या पोटात चालवायची सोय तूच करून दिलीस, हे मी विसरलेले नाही. ती सोय अपग्रेड करायची वेळ आली की तू पुण्याहून माझ्या स्क्रीनवर यायचास. बाण आपोआप फिरायचा आणि मी माझ्याच दुकानात पाहुण्यासारखी बसायचे. गेल्या आठवड्यात, अपग्रेड केल्याशिवाय पुढे चालणार नाही अशी सूचना आली. तू म्हणालास, ताई, सोड आता ते, दुकान बंद कर, आमची खुशी लहान आहे, तिला सांभाळायला पुण्यालाच ये. हा माझा हट्ट तर नाही, असं मी दिवसभर स्वतःला विचारलं. असेलही. पण इथे दारव्ह्यात या मशीनवर माझं आणि माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मथुराबाईचं, अशी दोन घरं चालतात. लग्नाचे ब्लाऊज घेऊन बायका रोज विचारायला येत होत्या.

मग मीच बसले. आधी आतल्या विंडोजची सबंध प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. तू तिला नेहमी नुसती थांबवून ठेवायचास. अपग्रेडच्या आधी ती पूर्ण बंद करायची असते, नाहीतर परत उठेलच असं नाही, हे मी वाचून काढलं. अपग्रेड झालं, जुनी विंडोज उघडली, पण डिझाईनचं सॉफ्टवेअर सुरू होईना. यूएसबीत लावायची त्याची परवान्याची किल्ली माझ्या डोळ्यांसमोर होती. आतल्या विंडोजला ती दिसत नव्हती. तुला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. मथुराबाई दारातून म्हणाली, “तेरवीले बसल्यावानी काऊन बसली वं ताई? मेलं असन तर सांग, मी घरी जातो. नाही त चहा मांडतो.” मी म्हटलं, मांड. यूएसबीसाठी वेगळी जोडफाईल लागते, तीही अपग्रेडच्याच आवृत्तीची. माझी जुनीच राहिली होती. नवी टाकली. किल्लीचा दिवा लागला. दुपारपर्यंत पहिली बाही भरून झाली.

हे तुला फोनवरच, जरा ऐटीत सांगणार होते. पण त्याच संध्याकाळी वणीहून एका अनोळखी माणसाचा फोन आला: रविवारी मशीन उचलायला टेम्पो किती वाजता आणू, इंद्रजित साहेबांशी बोलणं झालंय. मी त्याला नाही म्हटलं. तूही म्हण, म्हणजे त्याचा फेरा वाचेल. मशीन माझं आहे. तू दुरून माझ्या कॉम्प्युटरवर यायचास ती वाट मी बंद केली आहे, पासवर्डही बदलला आहे, आणि तो तुला सांगणार नाही. मी कठोर होतेय का, हे पुन्हा वाचून तपासलं. एकही वाक्य खोडलं नाही. रविवारी खुशीला घेऊन ये. तिच्या फ्रॉकवर काय भरायचं, ते तिला विचारून ठेव.

तुझीच,
विजूताई