रेथाबिलेची आई

प्रिय म्पोलोकेंग,

मिशनच्या शाळेत थंडी फार असेल, दोन्ही घोंगड्या पांघरत जा. इथे डोंगरावर बर्फ पडलाय, शेळ्या घरातच बांधल्यात. रेथाबिले मजेत आहे. हसू नकोस. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी ती मण्यांची बाहुली माझ्या पाठीवर बांधली, नाव ठेवलं, तेव्हा तूच तिला दूध पाजायला धावली होतीस. नाव तरी काय, तर रेथाबिले, म्हणजे 'आम्ही आनंदलो'! पहिलं मूल झालं की ते नाव त्याचं, तोवर बाहुलीचं. आणि मी तेव्हापासून साऱ्या गावासाठी रेथाबिलेची आई.

तोवर म्हणजे कधीवर, ते कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला न्हाऊ घालते, पहिला घास तिच्यापुढे धरते, पाण्याला जाताना पाठीशी बांधते. कमरेचे निळे मणी झिजले, ते पुन्हा ओवले. झऱ्यावर बायका विचारतात, "काय गं, लेकीला दात आले का?" पूर्वी मी म्हणायचे, "आलेत की, तुला चावायला सोडू?" आता अर्धाच हंडा भरून परत फिरते.

सासूबाई हल्ली गोड बोलतात, त्याचीच भीती वाटते. परवा मांसाचा मोठा तुकडा मला वाढला नि म्हणाल्या, "तुझी धाकटी केवढी झाली गं आता? अंगानं भरली का?" मी म्हटलं, शिकतेय ती. "शिकू दे की! पाठ मजबूत आहे ना?" काल सासरे आणि तुझे त्सेलिसो भावोजी गोठ्यात गाई निवडत होते. त्सेलिसोने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मी बाहुलीला आंघोळ घालायला घेतली, तर सासूबाईंनी ती हातातून काढून घेतली. "राहू दे आता. हिला दुसरी पाठ मिळतेय."

ती पाठ तुझी आहे, म्पोलोकेंग. थोरलीची कूस उजवली नाही तर धाकटीने यायचं, ही आपली रीतच. मोलाच्या गाई दारात आल्या की बाबा नाही म्हणणार नाहीत. तुझ्या पोटचं मूल माझं म्हणवलं जाईल, रेथाबिले होईल. तुला वाटत असेल, ताई आडवी येईल. नाही गं. मला ते मूल इतकं हवंय की तू दारात आलीस तर मीच बाहुली तुझ्या पाठीवर बांधेन, आणि तू रडलीस तरी गाठ सोडणार नाही. म्हणून आज, शुद्धीवर आहे तोवर लिहिते. सुट्टीत घरी जाऊ नकोस, मावशीकडे जा. आणि उद्या मीच "ये" म्हणून लिहिलं, हातापाया पडले, तरी येऊ नकोस.

तुझीच,
ताई