अमेरिकेच्या मापाच्या चादरी

मंगळवार, संध्याकाळ

भारताचा युरोपशी व्यापार करार झाला म्हणून इथे हिंगण्यात माझ्या शेजारच्या कारखान्याने पेढे पाठवले. अमेरिकेने आयात कर वाढवल्यावर तिथल्या गिऱ्हाइकाने चादरी नको म्हटलं, आणि मी नेहमीसारखं लेखी ऑर्डरच्या आधीच सगळं कापड त्यांच्या मापाने कापलेलं. युरोपातले पलंग वेगळ्या मापाचे. का कापलं मी?

शिलाईच्या बायकांना सांगितलं, उद्यापासून काम बंद.

सुमन म्हणाली, “मॅडम, करार झाला तं काम काहून बंद करून राहिल्या?”

“तिकडच्या पलंगांना या चादरी बसत नाहीत.”

“मंग तिकडचे लोकं पाय दुमडून झोपतेत काय?”

सगळ्या हसल्या. मला काहीच वाटलं नाही. कापलेलं कापड तसंच पडलंय.

मग सुमनने मशीनवर नीट कव्हर घातलं आणि विचारलं, “कारखान्याची चावी आता कोणाले देऊ?”