अकराव्या घरातला हातचा

बुधवार, २ नोव्हेंबर १९६६
आज पुन्हा. चाचणीची बेरीज तीनदा बरोबर, चौथ्यांदा चूक, मग परत बरोबर. चूक दरवेळी तीच. आकड्याच्या दर घराला यंत्रात सर्किटची एक पाटी आहे. अकराव्या घरातून बाराव्यात जाणारा हातचा वाटेत हरवतो, लाल दिवा लागतो, गणकयंत्र थांबतं.

कृष्णमूर्ती साहेबांनी सगळ्या विभागासमोर विचारलं, "अकरावी पाटी कोणी दुरुस्त केली होती?" त्यांना माहीत आहे. अण्णांनी, जुलैत. इस्पितळात जायच्या आधीचं त्यांचं शेवटचं काम.

"तेव्हा तुमच्या भावाचा हात कापत होता, नारायणराव. त्यात कमीपणा नाही. पण रिपोर्टात लिहावं लागेल."

कंपनीचा इंजिनियर पुढच्या गुरुवारी मद्रासहून येतोय. म्हटलं, तोपर्यंत त्या पाटीला दुसऱ्या कोणी हात लावू नये, मला शोधू द्या. "सरी, ठीक आहे," म्हणाले. घड्याळाकडे बघत.

गुरुवार, ३ नोव्हें.
अकरावी आणि सातवी पाटी सारख्याच असतात. अदलाबदल केली. दोष पाटीबरोबर सातव्या घरात गेला तर पाटी वाईट, म्हणजे अण्णांचं सोल्डर. अकराव्यातच राहिला तर पाटी जिथे बसते ती खाच वाईट.

दोष कुठेच आला नाही. साडेपाचपर्यंत पाच हजार बेरजा, एकही चूक नाही. साहेब खूश. "गेला ना? झालं तर!"

मी खूश नाही. आपोआप गेलेलं आपोआप परत येतं. पाट्या मूळ जागी बसवून घरी आलो.

शनिवार, ५ नोव्हें.
आला. दुपारी, खोली तापल्यावर. लाकडी काडीने पाटीला हलकेच टिचकी मारली की दिवा लागतो. दुसरी टिचकी मारली की काही नाही. म्हणजे कुठेतरी धड चिकटलेलं नाही, धड सुटलेलंही नाही. कुठे ते अजून...

अण्णांना जाऊन आज दोन महिने.

जेवताना वहिनींना सांगितलं. सांगायचं नव्हतं. त्या भात वाढता वाढता थांबल्या. म्हणाल्या, "तुमच्या अण्णांनी माझा रेडिओ तीनदा दुरुस्त केला. अजून खरखरतोच." आणि हसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग विचारलं, "कागदात त्यांचं नाव येणार का?"

"माहीत नाही."

"यायचं असेल तर खरं येऊ दे. नुसतं, आता ते बोलायला नाहीत म्हणून नको."

सोमवार, ७ नोव्हें.
नोंदवही पहिल्यापासून वाचली. जुलैची दुरुस्ती ते दसरा, या पाटीची एकही तक्रार नाही. पहिली चूक दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी. वही तशीच उघडी घेऊन साहेबांकडे गेलो.

त्यांनी शांतपणे वाचली. "बारा आकड्यांची कामं कधी सुरू झाली?"

दसऱ्यानंतर. त्याआधी अकरावं घर रिकामंच असायचं. चाचणीही आठ आकड्यांचीच होती, बाराची मीच नंतर बसवली. म्हणजे दोष आधीपासून असला तरी दिसला नसता. हे मला सुचायला हवं होतं. आपल्याला हवं तेच वाचत होतो.

तरी दसरा डोक्यातून जात नाही. त्या दिवशी मी नव्हतो. अण्णांना वर्ष झालेलं नाही म्हणून आयुधपूजेला गेलो नाही. त्या दिवशी काय झालं ते उद्या यंत्रावरच्या मदतनीस मुनियप्पाला विचारणार.

मंगळवार, ८ नोव्हें.
मुनियप्पा अण्णांबरोबर अकरा वर्षं होता. विचारल्यावर खुलला.

"सार, पूजा एकदम जोरात! झेंडूची माळ, लिंबू, कोहळा फोडला. तो मात्र बाहेर, पायरीवर."

"मशीनला काय केलं?"

"कुंकू लावलं."

"कुठे? दरवाजावर?" अण्णा दरवर्षी यंत्राच्या दरवाजावर एक बोट लावायचे. बाकी कशाला लावू द्यायचे नाहीत.

त्याने यंत्राच्या दरवाजाकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "दरवाजाला लावलं. आणि अण्णांच्या पाटीला. ती बाहेर काढली, हळद-कुंकू लावलं, नमस्कार केला, परत बसवली. त्यांच्या हातचं शेवटचं काम ना, सार."

"कोरडं कुंकू?"

"खोबरेल तेलात कालवून. कोरडं गळून पडतं."

मी यंत्राकडे पाहिलं. त्याला समजलं. "माझ्यामुळे?" म्हणाला. "तुम्ही असता तर ओरडला असता. बाहेर राहिलात आणि मला अडकवलंत!" रागावला होता, डोळ्यांत पाणीही होतं. मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही.

बुधवार, ९ नोव्हें.
सकाळी आठ. पाटी काढली. मुनियप्पा शेजारी.

खाचेत बसणाऱ्या पितळी दात्यांवर तेलाचा पातळ थर, त्यात लाल कण. गुरुवारी पाटी काढली तेव्हा दाते बघितलेच नव्हते. चार दात्यांवर जास्त. हातचा ज्या दात्यातून जातो तो त्या चारांतला. मुनियप्पाने कपाळाला हात लावला. मला मात्र छाती हलकी झाल्यासारखी वाटली. त्याच्यासमोर तसं वाटायला नको होतं.

स्पिरिटने दाते पुसले, खाच पुसली. मग पाटी उलटी करून भिंगाखाली धरली. सगळे जोड चकचकीत, अण्णांचे असायचे तसे. एक सोडून. त्याच हातच्याच्या वाटेवर एक जोड राखाडी, भोवती केसाएवढी रेघ. तार हलत नाही. पण रेघ आहे, म्हणजे जोड कच्चा असू शकतो.

भिंग मुनियप्पाला दिलं. बराच वेळ बघत राहिला. "सार, दोन मिनिटांचं काम. सोल्डरचा आयर्न तापवू? दोन्ही एकदम होऊन जाईल. कोण बघतंय?"

आयर्न तापवला होता, हे लिहून ठेवतो. हातात घेतलाही होता.

दोन्ही एकदम केलं तर दोष कशाने होता ते कधीच कळणार नाही. मग जो तो आपल्याला हवं ते म्हणेल, मीसुद्धा. प्लग काढला. जोडाला हात न लावता पाटी तशीच बसवली.

नोंदवहीत दोन्ही लिहिलं: दात्यांवर तेलकट कुंकू, पुसले. एका जोडाला रेघ, तशीच ठेवली आहे. खाली सही केली. साहेबांनी वाचून विचारलं, "हा जोड तुमच्या भावाचा?" हो म्हटलं. "आणि कुंकू?" त्यावर मुनियप्पा आपणहून पुढे झाला.

साडेदहापासून चाचणी चालू. खोली मुद्दाम तापू दिली आहे, पंखा बंद. दर पंधरा मिनिटांनी काडीने टिचकी. चारपर्यंत चालवणार. दिवा लागला तर अण्णांचा जोड. नाही लागला तर बहुधा कुंकू.

आता सव्वातीन. मुनियप्पा भिंतीकडे तोंड करून बसलाय, दिव्याकडे बघत नाही. मी बघतोय.